सोमवारचा कागद

ग्यानोबा सरांच्या डोक्यात सगळं रसायनशास्त्र होतं, फक्त माणसांची नावं नव्हती. आता तुम्ही म्हणाल, त्यात काय मोठं, आम्हीही विसरतो. अहो, तसं नव्हे! तुम्ही लग्नात एखाद्या पाहुण्याचं नाव विसरता आणि घरी येताना रिक्षात ते आठवतं. सरांना ते कधीच आठवत नसे. चेहरा ओळखीचा, आवाज ओळखीचा, हा कोणत्या गावचा, ह्याच्या घरी म्हशी किती, सगळं ठाऊक. नावाच्या जागी मात्र कोरी पाटी. त्र्याण्णवच्या भूकंपात घराचं माळवदाचं जड छप्पर अंगावर आलं तेव्हा ते वीस वर्षांचे होते. दोन महिने सोलापूरच्या दवाखान्यात काढले, उठले, चालायला लागले, बी.एस्सी.चं राहिलेलं वर्ष फर्स्ट क्लासमध्ये काढलं. डॉक्टर म्हणाले, नशीबवान आहेस. त्यांच्या गल्लीतली बावीस माणसं गेली होती आणि त्यातल्या एकाचंही नाव त्यांना आठवत नव्हतं, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं नाही.

लग्नात तर कहर झाला. मुलगी बघायला गेले तेव्हाच त्यांनी सांगून टाकलं होतं, "मला नावं राहत नाहीत. तुमचंही राहणार नाही." राजश्री उदगीरची, शाळेत मास्तरीण आणि तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "नाव न्हाई राहिलं तर न्हाई, माणूस लक्षात ठेवा म्हंजे झालं." मग उखाण्याची वेळ आली. सरांनी तळहातावर बॉलपेननं नाव लिहून आणलेलं. हळद, अक्षता आणि घाम यांनी मिळून त्याचं पार वाटोळं केलं. मूठ उघडून बघतात तर पिवळा डाग! दोन्हीकडच्या बायका रिंगण करून उभ्या, सर घामाघूम. शेवटी राजश्रीनंच ओठ हलवून "रा-ज-श्री" असं दाखवलं आणि गाडी पुढे सरकली. पुढे ती चारचौघांत सांगायची, "ह्यांचं पहिलं सॉफ्टवेअर तळहातावर होतं, ते हळदीनं उडालं."

दुसरं सॉफ्टवेअर मात्र भूकंपानंच दिलं म्हणायचं. दवाखान्यातून आल्यावर सर पुनर्वसनाच्या ऑफिसात रोजंदारीवर लागले, काँप्युटरवर याद्या भरायला. कुठल्या कुटुंबाला नव्या गावठाणात कितव्या नंबरचं घर, ते सगळं फॉक्सप्रो नावाच्या प्रोग्रामात भरायचं. नवं गाव म्हणजे सरळ ओळी आणि दारांवर नंबर. जुन्या गावच्या लोकांना त्या ओळी बघून रडू यायचं. ग्यानोबाला मात्र एके दिवशी साक्षात्कार झाला! समोरून म्हातारी येतेय, नाव आठवत नाही. पण ती राहते कुठं, तिसऱ्या ओळीत सातव्या घरात. आणि तीन-सात म्हणजे कोण, हे तर त्यानंच टाईप केलंय. "राम राम, नीलाबाई!" असं तो पहिल्यांदा बोलला तेव्हा म्हातारीच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच्याही. माणसाचं नाव राहत नाही, पण माणसाची जागा राहते. एवढी एक गोष्ट त्याच्या हाती लागली.

आता या अडचणीच्या माणसानं नोकरी कुठं धरावी? लातुरात! आणि लातुरातही बापूसाहेबांच्या क्लासात!

दोन हजार चार साल. लातूरला तेव्हा नुसती झुंबड होती. नांदेड, परभणी, बिदर, कुठकुठून पोरं यायची, एकेका खोलीत चार-चार जण राहायची आणि पहाटे पाच वाजल्यापासून रस्त्यानं सायकलींची रांग लागायची. बापूसाहेब या धंद्यातले मुरलेले. बावीस वर्षं शिकवलेलं आणि हजारो पोरांची नावं तोंडपाठ. दारावर मोठ्या अक्षरांत पाटी होती: इथे तुमच्या मुलाला नंबर नाही, नाव आहे. हजेरी नावानं, प्रश्न नावानं, रागावणंही नावानं. एखादा मास्तर "ए निळा शर्ट" म्हणाला की महिनाअखेर त्याला नारळ. आठवड्यातून एकदा बापूसाहेब स्वतः मागच्या खुर्चीवर येऊन बसायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. सरांना त्यांनी जूनमध्ये घेतलं होतं आणि सांगितलं होतं, "दिवाळीच्या आधी पालकांचा सोमवार असतो. त्या दिवशी मी बघणार. पटलं तर कायम, न्हाई पटलं तर राम राम."

दुसरा कुणी असता तर तिथूनच पळाला असता. सर घरी आले ते उड्या मारतच.

"राजश्री! तिथं पोरं मार्कांप्रमाणं बसतात!"

"बरं मग?"

"अगं, बरं मग काय! दर रविवारी टेस्ट, दर सोमवारी नवी बैठक. पहिला आला तो पहिल्या बाकावर, एकशेविसावा चाळिसाव्या बाकावर. म्हणजे प्रत्येकाला जागा आहे! मार्कांची यादी मिळाली की काँप्युटरच मला सांगेल, कुठं कोण बसलंय!"

राजश्री पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "आणि सोमवारी सगळी जागा बदलली की?" सर म्हणाले, "तेच तर! म्हणून तर प्रोग्राम पाहिजे!" असं म्हणून त्यांनी कपाटावरचा जुना काँप्युटर खाली काढला. ऑफिसानं मोडीत काढलेला, पंखा घरघरणारा, पण फॉक्सप्रो चालायचं. त्यांनी फाईलला नाव दिलं 'जागा'.

त्या जूनमध्ये त्या माणसाला काय उत्साह चढला होता, सांगून खरं वाटायचं नाही. पहिला प्रोग्राम अठरा ओळींचा. यादी घ्यायची, मार्कांनी लावायची, तीन-तीनचे गट पाडायचे, छापायचं. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरनं कर्र कर्र करत पहिला कागद बाहेर टाकला, त्यावर चाळीस बाकांचा नकाशा आणि प्रत्येक चौकोनात नाव! सर कागद हातात धरून घरभर फिरले. शेजारणीलाही दाखवला. तिला वाटलं लाइटचं बिल जास्त आलंय.

पहिल्याच सोमवारी फजिती झाली ती वेगळीच. कागद रसायनाच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला. सरांनी एका पोराकडं बोट करून झोकात विचारलं, "आलोक, मिथेनचा रेणू काढून दाखव." उठला वरद. दोघांना सारखे मार्क! सरांचा प्रोग्राम सारख्या मार्कांत रोल नंबर बघायचा. क्लासात मात्र ज्यानं पेपर आधी दिला तो पुढं बसायचा. पोरं खिदळली. सरांनी "गंमत केली रे" म्हणून वेळ मारून नेली आणि तास संपताच ऑफिसातल्या शिवप्पाला गाठलं. शिवप्पा पेपर गोळा करायचा. "शिवप्पा, पेपर कुणी कधी दिला ते लिहून ठेवत जा की." शिवप्पा म्हणाला, "सर, तुमी केमिस्ट्री शिकवायलाव का पंचनामा करायलाव?" पण लिहायला लागला बिचारा. संध्याकाळी सरांनी एक रकाना वाढवला आणि चूक गेली. चूक सापडली याचाच त्यांना एवढा आनंद की जेवताना दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

मग काय, रोज काहीतरी नवीन. पुस्तकात सारखं बघितलं तर पोरांना कळेल, म्हणून तालमीचा भाग जोडला: पडद्यावर बाकाचा नंबर येणार, सरांनी नाव टाईप करायचं, चुकलं की काँप्युटर पीं करून ओरडणार. पहिल्या दिवशी एवढं पीं पीं झालं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी विचारलं, कुकर बिघडला का? राजश्री भाजी चिरता चिरता मध्येच ओरडायची, "सतरा, भिंतीकडची!" आणि सर आंघोळीतून ओरडायचे, "इरा!" आठवडाभर नावं टिकायची आणि सोमवारी ती जागा दुसऱ्याची झाली की धुऊन जायची. जाऊ देत! नवा कागद होताच.

पुढे त्यांना वाटलं, हाक मारायची तर सगळ्यांना सारखी मारावी. मग रकाना वाढला: कुणाला शेवटचं कधी विचारलं. मग आणखी एक: कोण कशात कच्चं. आता त्यांच्या कागदावर नावाखाली बारीक अक्षरात काय काय असायचं! 'मोल समजला, पण घाबरतो.' 'बेंझीन पाठ, समजलं नाही.' 'हिला विचारलं की फुलते.' बापूसाहेबांच्या क्लासात कधी कुणी शेवटच्या बाकाला प्रश्न विचारला नव्हता. सरांचा कागद त्यांना ढकलून तिकडं पाठवायचा. अडतिसावा बाक उत्तरं द्यायला लागला! राजश्रीनं एकदा कागद वाचला आणि म्हणाली, "अहो, नोकरी टिकवायला केलेलं हे. तुमी तर आता मास्तरच व्हायलाव." सर लाजले.

त्या कागदात एक नाव होतं, तनुजा. नांदेडकडच्या उमरीची, शेतकऱ्याची पोरगी. जूनमध्ये तिसाव्या बाकावर. सगळं यायचं, फक्त गणितं चुकायची. सरांनी तिचे चार टेस्टचे पेपर प्रोग्रामला खाऊ घातले आणि आकडे बघून टेबलावर हात आपटला. पोरीची रीत दर वेळी बरोबर होती! चुकत होतं ते एकक. ग्रॅमचं मिलिग्रॅम करताना, लिटरचं मिलिलिटर करताना. दीडशे प्रश्नांत दुसरी चूक नाही. महिनाभर तिला सगळे सांगत होते, अजून अभ्यास कर. सरांनी सांगितलं, "अभ्यास बंद. फक्त एकक लिही, प्रत्येक ओळीला." आणि रोज तिला एक गणित. पंचविसावा बाक, अठरावा, ऑक्टोबरात अकरावा. अकरावा बाक हॉलमधल्या खांबाच्या आड येतो. तिथून फळा तिरका दिसतो आणि तिथलं कुणीच कुणाला दिसत नाही. सरांना मात्र कागद सांगायचा, खांबामागं कोण आहे.

आणि पालकांचा सोमवार आला.

आदल्या रविवारी सकाळी टेस्ट झाली आणि दुपारी अर्ध्या गावाची लाइट गेली. लोडशेडिंग असतं तर तीन तासांत आली असती. पण ट्रान्सफॉर्मरची डीपीच जळाली होती. ऑफिस बंद, सरांची गल्ली बंद. एरवी संध्याकाळी शिवप्पा मार्कांची यादी द्यायचा. त्या दिवशी मास्तर लोक घरोघरी कंदील लावून पेपर तपासत बसले आणि यादी पहाटेपर्यंत तयारच नव्हती. सर पाच वाजता उठले, बटण दाबून बघितलं, पुन्हा दाबलं. राजश्री म्हणाली, "हातानं काढा की. एकशेवीस नावं तर हायत." "यादी तर पाहिजे ना!" सव्वासहाला क्लासात पोचले. शिवप्पा म्हणाला, "यादी बापूसाहेबांकडं हाय, बेरजा तपासायलेत." पावणेसातला यादी भिंतीवर चिकटली आणि एकशेवीस पोरं तिच्यावर तुटून पडली. सर टाचा उंच करून तीन नावं लिहितात न लिहितात, तोच बापूसाहेबांचा हात खांद्यावर. "सर, इकडं या. पालकांना भेटा."

अंगणात पालक चहा पीत उभे होते. एक धोतरवाला गृहस्थ, हातात कापडी पिशवी, सगळ्यांच्या पुढं. त्यानं सरांचे दोन्ही हात धरले.

"म्या रामलिंग. उमरीहून येऊन राहिलो. सर, माझी पोरगी पहिली आली हो! आत्ता साहेबांनी सांगितलं. पहिल्या बाकावर बसणार हाय. मी कधी तिचा क्लास पाहिला न्हाई. पाचशे रुपये पाठवायचे अन् गप बसायचं, एवढंच आमचं काम. आज पाहतो."

उमरीची! एककवाली! पहिली! क्षणभर ते स्वतःचं संकट विसरून गेले. बापूसाहेब म्हणाले, "तुम्ही सुरू करा, सर. मी दहा मिनिटांत सगळ्यांना घेऊन येतो." घंटा झाली. सरांच्या पुस्तकात गेल्या सोमवारचा कागद होता, आजच्या दिवशी त्याचा उपयोग शून्य. पायऱ्या चढताना त्यांना रडू येईल असं वाटत होतं. आज कायम व्हायचं की राम राम, हे आता एका शिळ्या कागदावर होतं.

वर्गात शिरले. पोरं नेहमीपेक्षा गप्प. सरांनी पुस्तक उघडलं, बुडत्यानं धरावा तसा तो कागद धरला आणि म्हटलं, "तिसरा बाक... आलोक. अल्कोहोलचं ऑक्सिडेशन?"

आलोक उठला! आणि उत्तर दिलं!

असेल, पोरगा तिसऱ्याच बाकावर टिकला असेल. सरांनी धीर करून चोविसाव्या बाकावरचं नाव घेतलं. इरा उठली. सातव्यावर वरद उठला. छत्तिसावा, एकोणिसावा, दुसरा. जे नाव घ्यावं ते उठतंय! वा रे वा! सरांना कळेना काय चाललंय आणि विचार करायलाही वेळ नव्हता, कारण त्यांच्या अंगात आता काहीतरी संचारलं होतं. अल्डिहाइडं, कीटोनं, फळा भरला, पुसला, पुन्हा भरला. पोरं हसत होती, हात वर करत होती. मागच्या दारानं बापूसाहेब पालकांना घेऊन आत आले, भिंतीला लागून सगळे उभे राहिले आणि सरांनी त्यांच्यासमोर एका दमात पाच पोरांना नावानं उठवलं. बापूसाहेबांनी खुर्चीत बसून डोळे मिटले. झालं! जमलं! अजून पंधरा मिनिटं आणि सर कायम!

"अकरावा बाक, मधली जागा," सर म्हणाले, "तनुजा, एक गणित घे."

खांबामागून एक मुलगी उठली.

सरांनी तिच्याकडं बघितलं आणि त्यांचा खडू थांबला. नाव नसेल राहत, चेहरा पक्का राहतो. ही एककवाली. उमरीची. हिचा बाप आत्ता खाली हात धरून सांगत होता की ही पहिल्या बाकावर. मग ही खांबामागं काय करतेय?

सरांनी मागं बघितलं. रामलिंग भिंतीपाशी टाचांवर उभा होता. पहिल्या बाकावरची तीन डोकी त्यानं परत परत निरखली. मग तो डावीकडं वाकला, उजवीकडं वाकला. नाव मुलीचं घेतलं होतं, मुलगी दिसत नव्हती. शेजारच्या पालकानं त्याला काहीतरी विचारलं, तेव्हा त्यानं मान खाली घातली आणि पिशवी या हातातून त्या हातात घेतली. पहिली आली ती आपली पोरगी नव्हेच की काय, अशी शंका त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

आणि मग सरांच्या डोक्यात लख्ख पडलं. एकशेवीस पोरं गेल्या सोमवारच्या जागेवर बसली होती. झाडून सगळी. पोरांना कागद माहीत होता! कधीतरी पुस्तक टेबलावर राहिलं असेल, कुणीतरी उघडलं असेल, नावाखालच्या बारीक ओळी वाचल्या असतील आणि पुन्हा त्याच पानात ठेवून दिला असेल. लाइट गेलेली त्यांनाही माहीत होती. सरांकडं नवा कागद नाही, हे त्यांनी ओळखलं होतं.

गप्प बसायला काय जात होतं? काही नाही. घंटेला बारा मिनिटं होती. पण सरांना ते धोतर, ती पिशवी आणि ती खाली गेलेली मान बघवेना.

"सगळे उठा," ते म्हणाले. "आजच्या जागेवर बसा."

कुणी हललं नाही.

तिसऱ्या बाकावरचा पोरगा म्हणाला, "सर, हीच आमची जागा हाय."

"खोटं बोलू नकोस..." त्याला रागवायलाही सरांना कागदात बघावं लागलं. "...आलोक." मग त्यांनी कागद मिटला आणि टेबलावर ठेवला. खांबाकडं बघून म्हणाले, "पुढं ये, बाळ. तुझे वडील आलेत."

"राहू द्या ना, सर," ती अगदी हळू म्हणाली. "माझं काय, पुढच्या सोमवारी बसन."

"आजच बस. तू आज पहिली आहेस."

मग बाकं सरकली, दप्तरं उचलली गेली आणि एकच गलका झाला. बापूसाहेबांनी डोळे उघडले. "हे काय चाललंय, सर?"

सरांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, पोरांसमोर, पालकांसमोर. माळवद, फॉक्सप्रो, कागद, सगळं. "मला नावं राहत नाहीत, साहेब. चार महिने मी तुम्हाला फसवलं. आता ही पोरं आपापल्या जागी बसलीत आणि मला यांच्यातलं एकही नाव येत नाही." बोलून झाल्यावर त्यांना एकदम हलकं वाटलं. नोकरी गेली होती, पण निदान लपवायचं संपलं होतं. बापूसाहेब एवढंच म्हणाले, "तास पुरा करा."

सर फळ्याकडं वळले. एक गणित लिहिलं. पहिल्या बाकावर, खिडकीपाशी, ती बसली होती, पूर्ण उजेडात. आत्ताच घेतलेलं तिचं नाव सरांच्या डोक्यातून कधीच निघून गेलं होतं.

"पहिला बाक," ते म्हणाले. "तुझं नाव काय, बाळ?"

पोरीच्या डोळ्यांतून धार लागली होती; तिला बोलता येईना. आणि मागच्या भिंतीपासून असा दणदणीत आवाज आला की खिडकीवरची कबुतरं उडाली:

"तनुजा! तनुजा रामलिंग एकलारे! उमरी!"

सगळा वर्ग हसला, रडला, टाळ्या पिटल्या. पोरगी उठली, फळ्यापाशी गेली आणि प्रत्येक ओळीला एकक लिहीत गणित सोडवून आली. सरांनी दुसऱ्या बाकाकडं हात केला, तर त्या पोराच्या आईनं मागून त्याचं नाव पुकारलं. मग तिसरा बाप, चौथी आई! ज्यांचे पालक आले नव्हते त्यांची नावं शेजारची पोरं ओरडायला लागली. घंटा झाली ती कुणालाच ऐकू आली नाही.

तासानंतर बापूसाहेबांनी सरांना ऑफिसात बोलावलं. टेबलावर तो शिळा कागद पसरलेला. चष्मा लावून ते बारीक अक्षरं वाचत होते, बोट एकेका चौकोनावरून सरकत होतं. सर दारातच उभे राहिले.

"हे 'घाबरतो' म्हणून लिहिलंय, ह्याला मी दोन वर्षं ओळखतो," बापूसाहेब म्हणाले. "तो घाबरतो हे मला माहीत नव्हतं."

सर दोन पावलं आत आले.

"बावीस वर्षं मी पोरांना नावानं हाका मारायलोय, सर. एक नाव चुकलो न्हाई." त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा पुसला. "माझ्यासाठी कुणी पहिला बाक सोडला नसता."

बाहेर पुढच्या बॅचच्या सायकली लागत होत्या.

"दिवाळीनंतर कामावर या," बापूसाहेब म्हणाले. "अन् हा कागद पुस्तकात लपवू नका. टेबलावर ठेवत जा, उघडा."

सर तिथून निघाले ते कसे घरी पोचले त्यांचं त्यांना ठाऊक. डोक्यात नुसता गोंधळ. पालकांचाही रकाना पाहिजे! कोण कुठून आलं, काय करतं, कुणाला वर्गात उभं राहून बघायचंय. आणि पोरांनी स्वतःच आपल्याबद्दल एक ओळ लिहिली तर? गल्लीच्या तोंडाशीच सायकल टाकून ते ओरडले, "राजश्री! लाइट आली का?"

"न्हाई!" ती दारातून म्हणाली. "नोकरीचं काय झालं ते सांगा आधी!"

"ते नंतर! कागद दे, पेन दे, जल्दी!"

आणि सर पायरीवरच बसून लिहायला लागले.